उत्तरदाता क्रमांक सतरा

पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याजवळ
वीस मीटरची टेप होती,
पेन्सिली होत्या, कारण पामीरमध्ये शाई गोठते,
आणि सव्विसाव्या वर्षी असते तेवढी खात्री.

कारा-जिल्गा. सात घरं, एक हातपंप,
झाड औषधालाही नाही.
मेंढवाड्याच्या दाराशी माणसं, हातात फावडी,
एकाकडे फौजेतून आणलेली बंदूक.
आत एकतीस मेंढ्या. उभी एकही नव्हती.
आणि कोपऱ्यात तो हिमबिबट्या,
रक्ताने जड, पेंगुळलेला,
शेपूट नाकावर ओढून बसलेला,
जेवण झाल्यावर उठायचं विसरलेल्या पाहुण्यासारखा.

मी बोलले. काय बोलले ते आठवलं
की अजून कानशिलं तापतात :
जगात किती उरलेत, कायदा काय म्हणतो, दंड केवढा.
तुर्सुनआयने सगळं ऐकलं.
मेंढ्या तिच्याच होत्या.
बंदुकीची नळी एका बोटाने बाजूला सारली,
वाटेतलं पोर सारावं तशी,
आणि दार उघडून धरलं.

तो गेला. घाई न करता.

ती म्हणाली, "तुझा गेला.
आता माझ्यांचं काय करू?"

मी फॉर्म काढला.

त्या एका सकाळीवर माझा प्रबंध उभा आहे.
गोपनीयतेच्या नियमाने मी तिचं नाव काढून
तिथे सतरा लिहिलं.
'नुकसान सोसण्याची तयारी' या रकान्यात
पाचापैकी चार गुण दिले.
एक का कापला, ते आता सांगता येत नाही.
परदेशातल्या एका सभागृहात
तिच्या चार गुणांना टाळ्या पडल्या.

भरपाई तिसऱ्या हिवाळ्यात आली, नऊ मेंढ्यांची.
उरलेल्या बावीस पंचनाम्यात बसल्या नाहीत.
त्यांचे कान कापून जोडले नव्हते म्हणे.

पुढे तीस वर्षं हेच.
ओशच्या कचेरीत मला गुराख्यांची वकील म्हणायचे,
कारा-जिल्गात बिबट्याची मावशी.
दोन्हीकडे चहा मिळायचा,
दोन्हीकडे मी आले की बोलणं थांबायचं.
कॅमेरे लावले. त्यात बहुतेक वेळा वारा सापडला.
आलेख काढले. नवरा म्हणाला,
तुझ्या आलेखात आपण कुठल्या रेषेवर आहोत?
मी खरोखरच शोधायला लागले,
तेव्हा तो उठून गेला.

हाताने दाखवता येईल असं एकच काम माझ्या नावावर आहे :
मेंढवाड्यांवर तारेची जाळी. वरून बंद, बस.
"एवढं शिकलीस," तुर्सुनआय म्हणाली होती,
"आणि शेवटी तार?"
पण पहिला खिळा तिनेच ठोकला,
दुसरा माझ्या अंगठ्यावर.

निवृत्तीच्या आधी शेवटची फेरी.
तुर्सुनआय दोन हिवाळ्यांपूर्वी गेली.
तिची सून बुर्मा उरलेल्या जाळीच्या तुकड्यावर
कुरूतचे गोळे वाळवत होती.
खारट चहा दिला, माझं पेन्शन विचारलं,
आकडा ऐकून आणखी लोणी घातलं.

तिचा एल्दार बाही ओढत मला वाड्यामागे घेऊन गेला.
बर्फावर एक पालथं भांडं, निळ्या काठाचं,
वर दगड.
"वारा पुसेल म्हणून झाकलं. तू येणार होतीस ना?"
दगड काढला. भांडं उचललं.

चार दिवसांचा एक पंजा, काठ शाबूत.
वाड्याला वळसा घालून, जाळी हुंगून,
तो आल्या वाटेने डोंगरात गेला असणार.
मी टेप काढेपर्यंत
पोराने ठशाशेजारी आपला हात टेकवला.
"माझ्याहून मोठा. लिही."

लिहिलं. नोंद करणाऱ्याचं नाव :
एल्दार, तुर्सुनआयचा नातू.
आतून बुर्माचा आवाज आला.
चार दिवस ती ते भांडं शोधत होती.